उजवी पाकळी

सगुणने प्रज्योतला मारले ते एकदाच, आणि तेही पोराचा जीव वाचवल्यानंतर.

सुर्ल्याच्या खनिज डेपोवर रविवारी काम बंद असते. ट्रक रांगेत उभे असतात आणि सपाट केलेल्या लाल मातीवर वाड्यावरची पोरे फुटबॉल खेळतात. त्या रविवारी एका ड्रायव्हरने बॅटरी तपासायला टिपर चालू केला आणि मागे घेतला. मागे येताना वाजणारा भोंगा वाजत होता. बाकीची पोरे बाजूला झाली. आठ वर्षांचा प्रज्योत बॉलच्या मागे धावत थेट मागच्या चाकांच्या वाटेत शिरला.

सगुण तिथल्या पोकलेनवर ऑपरेटर होता. मशीनच्या सावलीत बसून तो पोरांचा खेळ बघत होता. त्याने धावत जाऊन प्रज्योतचा दंड धरला आणि त्याला ओढून बाहेर काढले. टायर दोघांच्या पायांजवळून गेला.  मग सगुणने पोराच्या कानामागे एक थापट मारली.

"मरूचा आसा काय रे मेल्या? भोंगो ऐकाक येना काय तुका?"

प्रज्योत पडला, उठला, तिरका चालत गेला आणि ओकला. पोरे हसली. सगुणने त्याला टँकरच्या नळावर तोंड धुवायला लावले, स्कूटरवर पुढे बसवून घरी आणले आणि त्याच्या आईला स्वतःच सांगितले, "वैनी, एक मारलंय तेका. गाडीखाली जाय होतो."

"बरा केलंस," कोमल म्हणाली. "आणखी दोन मारूचे होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाल्या पोदेराने सायकलचा पोंपों वाजवला. पाव घ्यायला रोज प्रज्योत धावायचा. तो अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडला होता. कोमलने हाक मारली, मग ओरडली, मग त्याच्या कानाशी स्टीलचे ताट आपटले. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

प्रज्योतचा बाप सुदेश खनिज वाहतुकीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता आणि ट्रक त्याचा स्वतःचा होता. सगुण पंधरा वर्षांचा असताना त्याच ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. गाडी चालवायला, पुढे मशीन चालवायला त्याला सुदेशनेच शिकवले. सुदेशला तो 'सुदेशदा' म्हणायचा, आणि सुदेश त्याला लोकांसमोर 'माझो भाव' म्हणायचा.

गावातल्या डॉक्टरने कानात बघितले आणि बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जायला सांगितले. तिथली तपासणीची तारीख लांबची मिळाली. सुदेशला तेवढा वेळ धीर नव्हता. तो देवळात गेला.

गावच्या देवळात कौल लावतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न विचारायचे काम बाबली गुरवाकडे होते. सुदेशने त्याला प्रश्न घालून दिला. बाबलीने हात जोडून गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराचो कान सगुणाच्या हातान गेलो आसा, तर उजवो कौल दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जमलेले लोक म्हणाले.

सगळे मूर्तीकडे बघत होते. उजव्या खांद्यावरची पाकळी सुटली आणि पायाशी पडली.

बाबली सुदेशकडे वळला. "दुसरी लावतंय. मारणाऱ्याच्या मनात काय होता, ता पण इचारूया. तशी रीत आसा."

"गरज नाय."

"अरे, देव अर्धा सांगून थांबलो—"

"माका होया ता सांगल्यान देवान," सुदेश म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

सगुण डेपोवर होता. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती, लोक डबे उघडून बसले होते. सुदेशने ट्रकमधून जॅकची टॉमी काढली. टॉमी म्हणजे हातभर लांबीचा लोखंडी दांडा. तो सगुणच्या मागे जाऊन उभा राहिला. सगुणने मान वळवली आणि म्हणाला, "सुदेशदा, जेवलंस?"

पहिला फटका डाव्या कानावर बसला. कानाची पाळी फाटून गालावर लोंबली. सगुण डब्यावर पडला. दुसरा फटका जबड्यावर बसला, तिसरा उचललेल्या हातावर. हाताचे हाड मोडल्याचा आवाज जेवणाऱ्यांनी ऐकला.  सुदेश टायरचे नट सैल करताना मारतो तसा मापून मारत होता. चौथ्या फटक्याला दोघांनी त्याला मागून धरले, तेव्हा त्याने टॉमी स्वतःच खाली टाकली. भातात रक्त आणि दात पडले होते.

"काना बदली कान," तो धरणाऱ्यांना म्हणाला. "सोडा माका."

सगुण पंधरवडाभर हॉस्पिटलमध्ये होता. डाव्या कानाने त्याला ऐकू येणे बंद झाले. जबडा वाकडा बसला. तो बोलू लागला तेव्हा वाड्यावरचे चौघे त्याच्या खाटेशी जाऊन बसले. त्यांनी त्याला समजावले की कौल झालेला आहे, सगळ्या गावाने बघितला आहे, देवाच्या वर कोर्ट नाही. सगुणची बायको विमला भिंतीला टेकून ऐकत होती.

"देवान तेका दात पाडूक सांगल्यान काय?" तिने विचारले.

"बायलेन मदी बोलूचा नाय," त्यातला एक म्हणाला.

पोलीस आले तेव्हा सगुणने सांगितले की तो मशीनवरून पडला.

मशीनवर त्याला पुन्हा कोणी घेतले नाही. एका कानाने ऐकणारा माणूस खालून हाक मारणाऱ्याची दिशा ओळखू शकत नाही. पोकलेनखाली माणूस यायला तेवढे पुरते.

बांबोळीच्या तपासण्या पावसाळा संपेपर्यंत चालल्या. प्रज्योतच्या डोक्याचे स्कॅन झाले, रक्त तपासायला बाहेर पाठवले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवले. त्यांनी आधी एकच गोष्ट विचारली.

"तुमचं लग्न नात्यात झालंय का?"

"माझ्या मामाचा चेडू," सुदेश कोमलकडे न बघता म्हणाला. कोमल दोडामार्गची. सुदेशची आई तिची आत्या. दोन्ही घरांत ही सोयरीक जुनी होती आणि तिचे कौतुकच होत आले होते.

डॉक्टरीणबाईंनी सावकाश सांगितले. आजाराचे नाव पेंड्रेड सिंड्रोम. दुर्मीळ आहे. आईच्या आणि वडिलांच्या, दोघांच्याही रक्तात त्याचा एकेक दोष आहे. एकेकटा असतो तोवर काही होत नाही. मुलाकडे दोन्ही आले की आजार होतो. कानाच्या आत एक बारीक नळी असते, ती अशा मुलांची जन्मापासून रुंद असते. ऐकणे हळूहळू कमी होते. पुढे गळ्याला गाठही येऊ शकते. आणि डोक्याला जरासा हिसका बसला तरी उरलेले ऐकणे एका दिवसात जाऊ शकते.

"याला आधीपासून कमी ऐकू येत असणार. शाळेतून तक्रार नव्हती?"

"लक्ष नसता म्हणत," कोमल म्हणाली. तिला टिपरचा भोंगा आठवला. तिने तो ऐकला नव्हता, फक्त त्याची हकीकत ऐकली होती.

"म्हणजे थापटेनच गेलो," सुदेश म्हणाला.

"थापट निमित्त झाली. तशी थापट दुसऱ्या मुलाला बसली असती तर तो रडून घरी गेला असता. हा हेडरने गेला असता, पाण्यात उडी मारताना गेला असता, सायकलवरून पडून गेला असता."

"पण गेलो थापटेन. होय का नाय, येवढाच सांगा."

"होय," त्या म्हणाल्या. "पण मारणाऱ्याचा दोष नाही."

सुदेशने पहिला शब्द घेतला आणि बाकीचे तिथेच ठेवले. डॉक्टरीणबाई पुढे बोलत होत्या. प्रज्योतला ऑपरेशन करून कानात यंत्र बसवता येईल, त्याचे नाव यादीत घालू. तुम्हाला एक लहान मुलगीही आहे ना? चार वर्षांची? तिलाही हेच असण्याची शक्यता चारात एक आहे. तिला लवकर आणा. असलेच, तर तिचे ऐकणे टिकवणे आपल्या हातात आहे. तिच्या डोक्याला मार लागू द्यायचा नाही, इतकेच.

पार्किंगमध्ये सुदेशने गाडीचे दार आपटले.

"गौरवीक हय आणूची नाय."

"कित्याक?"

"तिका ऐकाक येता. साखळीच्या बाजारात बुडबुडेवाल्याची शिट्टी वाजली तरी धावता ती."

"प्रज्योत पण धावायचो."

"नाय म्हटलंय मां!"

गाडी म्हापशापर्यंत आली. त्यानंतर कोमलला कळले. गौरवीलाही तोच दोष निघाला, तर तो रक्तातला ठरला. रक्तातला ठरला, तर डेपोवर डबा खात बसलेल्या माणसाचा कान सुदेशने उगाच फोडला होता. सुदेशला मुलगी बरी हवी होती ती मुलीसाठी नाही.

माहेरी जाते म्हणून कोमल गौरवीला घेऊन निघाली आणि बसने बांबोळीला गेली. मुलीला काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन लावले. आवाज आला की तिने टोपलीत एक ठोकळा टाकायचा होता. ती हसत ठोकळे टाकत होती. काही वेळा आवाज देऊनही तिचा हात वर थांबलेला असायचा. कोमल काचेतून तो थांबलेला हात बघत होती.

गौरवीलाही तेच होते. उजवा कान थोडा उतरला होता, डावा चांगला होता. "जपलंत तर वर्षानुवर्षं टिकेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नीट बोलायला शिकेल, शाळेत जाईल. पण एक पडणं, एक जोराची चापट, आणि सगळं एका रात्रीत जाईल. घरात सगळ्यांना सांगा."

घरात सगळ्यांना सांगायचे म्हणजे सुदेशला सांगायचे होते. कोमलने लपवले नाही. संध्याकाळी तो पाय धुऊन आत आला तेव्हा तिने उभ्यानेच सांगितले.

"गौरवीक पण तोच आसा. मी नेऊन इलंय तिका."

सुदेशने तिला कानशिलात मारली. ती भिंतीवर गेली, तिचे कपाळ खिडकीच्या लाकडी चौकटीवर आपटले आणि भुवई फुटली. त्याने केस धरून तिला सरळ केले आणि पोटात गुडघा घातला.

"कोणाक सांगलंस? कोणाकोणाक सांगलंस?"

"कोणाक नाय."

"रांडे, माका गावात खोटो पाडतंस? देवाक खोटो पाडतंस?"

"देव खोटो नाय," ती तोंडातले रक्त गिळत म्हणाली. "तू अर्धाच इचारलंस."

त्याने पुन्हा मारायला हात मागे नेला. गौरवी आईच्या साडीला धरायला धावली होती, ती नेमकी त्याच्या कोपरामागे आली. कोपर तिच्या छातीला लागले आणि ती मागे फेकली गेली. भिंतीपाशी घडी घालून ठेवलेल्या गादीवर ती पाठीवर पडली. गादी तिथे नसती तर खाली सिमेंट होते.

सुदेशने मागे वळूनसुद्धा बघितले नाही. दारात प्रज्योत उभा होता. तो एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

रात्रभर कोमल थोड्या थोड्या वेळाने गौरवीच्या पाठीमागून हलकेच बोलत राहिली आणि मुलगी झोपेत चिडून 'गो आई, गप' म्हणत राहिली.

सकाळी सुदेश ट्रक घेऊन गेल्यावर कोमल भुवईला पट्टी लावून सगुणच्या घरी गेली. विमला अंगण झाडत होती. तिने झाडू थांबवला नाही.

"आता इलंस? मुद्दाम पट्टी लावून इलंस?"

"विमला, माका आत घे."

"आत कित्याक? सगळा तर भायेर झाला."

सगुण ओसरीवर कदेलात बसला होता. बसल्या बसल्या त्याने खुर्ची थोडी वळवली आणि चांगला कान तिच्याकडे केला. कोमलने त्याला सगळे सांगितले. प्रज्योतचा कान, डॉक्टरीणबाईंचे बोलणे, गौरवी, कालचा मार. 

"तुझो दोष नाय सगुण. मी पाया पडतंय. पण तू आता भांडाक येव नको. आमच्या घरात आता कोणाचोच हात वर जाता कामा नये. चेडवाक एक थापट पुरे."

"सुदेशदाक ठावक आसा ह्यां?" त्याने विचारले. वाकड्या जबड्यामुळे शब्द एका बाजूने बाहेर पडत होते. "माजो दोष नाय, ता?"

"आसा."

"कधीपासून?"

"बांबोळीक गेलो तेव्हापासून."

सगुणने मान हलवली. "जा वैनी," तो म्हणाला.

मुलीला वाचवायला ती गेली होती. मुलीला कुठे मारायचे तेही ती सांगून आली. हे तिला घरी पोचल्यावर कळले. त्यानंतर तिने गौरवीला अंगणाच्या बाहेर सोडले नाही.

सगुण रविवारी आला. उन्हे उतरली होती. समोरच्या चहाच्या गाड्यावर वाड्यावरचे लोक बसले होते. हॉस्पिटलमध्ये खाटेशी बसलेल्या चौघांपैकी तिघे त्यांच्यात होते. कोमल परसात आंघोळीच्या पाण्याचे भाण तापवत होती. तांब्याचे मोठे भांडे, खाली काजूची जाड लाकडे. गौरवी दोन पावलांवर मागच्या सोप्यावर बसून बाहुलीला न्हाऊ घालत होती.

सगुण घराला वळसा घालून आला. कोमल विस्तव फुंकून उठेपर्यंत त्याने मुलीला उचलले होते. तो तिला घेऊन पुढच्या अंगणात गेला, तुळशीसमोर उभी केली आणि डाव्या हाताने तिची वेणी मुठीत धरली. उजवा पंजा त्याने तिच्या कानापासून हातभर लांब, उघडा, वर धरला.

"या रे!" तो गाड्यावरच्या लोकांना ओरडला. "कौल बघूक इल्लात, आता ह्यां पण बघा!"

लोक रस्ता ओलांडून आले आणि कुंपणापाशी थांबले. सुदेश बनियनवर बाहेर आला.

"सगुण, चेडवाक सोड."

"सोडतंय. आधी सांग सगळ्यांक. बांबोळीच्या डॉक्टरान काय सांगल्यान ता सांग."

"सोड, नायतर मारून टाकीन."

"ता तुका जमता, माका ठावक आसा. सांगूक जमता काय बघतंय." सगुणने वेणी आणखी घट्ट धरली. "ही एक थापट, सुदेशदा. तूच म्हणतंस मां, थापटेन कान जाता? तर मग जावंदे. रगतात काय नाय तर कोणाचो पण जायत. होय मां रे?" त्याने कुंपणाकडे बघून विचारले.

 कुंपणापाशी एकाने पोलिसांना फोन लावायचे म्हटले, दुसऱ्याने त्याचा हात धरला.

गौरवी रडत नव्हती. वेणी ओढली जात होती म्हणून ती टाचा उचलून उभी होती.

कोमल घराच्या बाजूने आली होती. नवऱ्याची पाठ तिच्यापासून चार पावलांवर होती. सुदेश धावून जाण्याआधी त्याचा उजवा खांदा खाली जातो, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होते. तो धावला तर सगुणचा पंजा खाली येणार, किंवा तिघे मिळून तुळशीच्या दगडी कट्ट्यावर पडणार. मुलीचे डोके त्या कट्ट्याच्या कडेच्या उंचीला होते.

सुदेशचा खांदा खाली गेला.

कोमलच्या हातात भाणाखालचे काजूचे लाकूड होते. एक टोक जळत होते, दुसरे ओले होते. तिने ते दोन्ही हातांनी उचलून नवऱ्याच्या उजव्या गुडघ्यावर मागून घातले. सुदेश खाली बसला. तो हातांवर उठू लागला तेव्हा तिने दुसरा फटका घातला, त्याच गुडघ्यावर, बाजूने. काहीतरी तुटले. सुदेश किंचाळला. ठिणग्या त्याच्या बनियनवर उडाल्या आणि बनियनला भोके पडली.

"कोमल!" कुंपणावरून कोणीतरी ओरडले. "घोवाक मारतंस?"

"मदी येशात तर तुमका पण," ती म्हणाली. मग तिने लाकडाचे जळते टोक सुदेशच्या तोंडापाशी आणले. "सांग तेका."

"गे, पाय मोडलंस माजो..."

"दुसरो आसा. सांग."

सुदेशने मातीत तोंड घातले. तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यान," सगुण म्हणाला. "माका एकाच कानान ऐकाक येता."

"तुझो दोष नाय!" सुदेश ओरडला. "माज्या रगतातच आसा! माज्या आणि हिच्या! तू तेका वाचयलंस, तुझो दोष नाय!" आणि मग शब्द संपले तरी तो ओरडतच राहिला, मोडलेला गुडघा दोन्ही हातांत धरून, घसा फाटेपर्यंत. कुंपणावरचे लोक एकेक पाऊल मागे सरकले.

सगुणने वेणी सोडली. वर धरलेला पंजा मात्र त्याला लगेच खाली घेता आला नाही. तो हात दुसऱ्या हाताने धरून त्याने खाली आणला आणि तो तुळशीच्या कट्ट्यावर बसला.

कोमल नवऱ्याकडे बघत नव्हती. ती गौरवीकडे बघत होती. बाप ओरडत होता, आणि मुलीने डोळे घट्ट मिटून दोन्ही तळव्यांनी कान दाबून धरले होते.

मग कोमलने लाकूड खाली टाकले.